आयातीवरील निर्बंध आणि त्यांची किंमत

परदेशी माल देशात किती येऊ द्यावा, कोणत्या अटींवर येऊ द्यावा, आणि तो अडवावयाचा ठरल्यास अडविण्याचा खर्च कोणाच्या माथी बसावा, हा प्रश्न इंग्लंडातील ग्रंथकारांनी ज्या शांतचित्ताने हाताळला त्या चित्ताने तो हाताळण्याची संधी आपल्या पूर्वजांना कधीच मिळाली नाही. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रे लिहून विलायती व्यापाराने देशाची जी लूट चालविली होती तिचा हिशेब मागितला, पुढे लोकहितवादींनी शतपत्रांतून देशी मालाचा कैवार घेतला, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका अंगावर खादी घालून गेले. हा प्रश्न आमच्या दारी पारतंत्र्याच्या वेदनेबरोबर आला, आणि म्हणूनच स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ काळपर्यंत आयात अडविणे म्हणजे देशाचे हित साधणे, असे समीकरण आमच्या मनात दृढ राहिले. त्या समीकरणाची, त्यात खरे किती आणि भ्रामक किती हे पाहण्यासाठी, गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अनुभवाच्या आधारे फेरतपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खुल्या व्यापाराच्या बाजूचा युक्तिवाद प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी समजून घेतला पाहिजे. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. ठरावीक कापड तयार करण्यास इंग्लंडात १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, तर पोर्तुगालात ९० माणसांचे. ठरावीक मद्य तयार करण्यास इंग्लंडात १२० माणसे लागतात, पोर्तुगालात अवघी ८०. दोन्ही वस्तूंत पोर्तुगालच वरचढ असूनही त्याने मद्यच करावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे यात त्याचा लाभ आहे. कारण ८० माणसांच्या श्रमाचे मद्य देऊन जे कापड मिळते ते घरी करावयास ९० माणसे खपवावी लागली असती. इंग्लंडलाही १०० माणसांच्या श्रमात १२० माणसांच्या श्रमाची वस्तू मिळते. दुर्बल देशालाही व्यापारात स्थान आहे, आणि सबळ देशालाही सर्व काही घरीच करण्यात तोटा आहे, हे या गणिताचे सार होय; त्यात तार्किक दोष आजवर कोणाला दाखविता आलेला नाही.

मात्र ते ज्या गृहीतांवर उभे आहे त्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. भांडवल देशाच्या सीमा सहसा ओलांडत नाही, परंतु देशाच्या आत ते आणि मजूर दोघेही एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात सहज जातात, असे रिकार्डो धरून चालला होता. पण आमच्याकडे ज्या विणकराचा माग बंद पडला त्याच्यापुढे दुसरा धंदा वाढून ठेवलेला नव्हता. तो जमिनीवर जाऊन पडला आणि शेतीवरचा भार तेवढा वाढला. शिवाय आज जी वस्तू देशात महाग पडते ती उद्याही महागच पडेल असे नाही, कारण कौशल्य हे निसर्गदत्त नसून कामानेच अंगी येते. जर्मनीच्या फ्रीडरिख लिस्टने १८४१ मध्ये हाच मुद्दा मांडला, आणि जॉन स्टुअर्ट मिल याच्यासारख्या खुल्या व्यापाराच्या पुरस्कर्त्यानेही १८४८ च्या आपल्या ग्रंथात नव्या धंद्यांना मर्यादित मुदतीसाठी जकातीचा आश्रय देणे समर्थनीय ठरू शकते, असे मान्य केले. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात, इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत देशकालनिरपेक्ष नाहीत, हे ज्या धीरगंभीर रीतीने प्रतिपादन केले त्याला आपल्या आर्थिक विचाराचा पायाच म्हटले पाहिजे.

ज्या देशाने आम्हांस खुल्या व्यापाराचा उपदेश केला त्याचे स्वतःचे दप्तर काय सांगते? १७०० च्या कायद्याने इंग्लंडने हिंदुस्थानातील छापील व रंगीत सुती कापडाची स्वदेशातील विक्रीसाठी होणारी आयात बंद केली, आणि १७२१ च्या कायद्याने असे कापड अंगावर घालण्यासही मनाई केली. लँकेशायरचा धंदा या भिंतीच्या आड वाढला. तो जगास भारी झाल्यावर मात्र निर्बंधांचे माप उलटे झाले. १८८२ मध्ये हिंदुस्थान सरकारने मीठ, मद्य अशा मोजक्या वस्तू वगळून साऱ्या आयातजकाती काढून टाकल्या. रुपयाची हुंडणावळ घसरून तिजोरीत तूट आली तेव्हा, १८९४ मध्ये, ५ टक्के जकात पुन्हा बसविणे भाग पडले. परंतु सुती मालावर ती बसविताना मुंबईच्या गिरण्यांच्या २० नंबरावरील सुतावर तेवढीच अबकारी लादण्यात आली, आणि १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात व देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी अशी बरोबरी साधण्यात आली.

या व्यवस्थेतला अन्याय केवळ मानहानीचा नव्हता. आमच्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे कापड काढीत आणि मँचेस्टर मुख्यतः तलम. म्हणजे ज्या मालात मँचेस्टरची स्पर्धा फारशी नव्हतीच, त्या मालावरही अबकारी बसली, आणि तिचा भार जाडेभरडे नेसणाऱ्या गरिबावर पडला. महायुद्धात हिंदुस्थानने १० कोटी पौंडांचा वाटा उचलला तेव्हा, १९१७ मध्ये, आयातजकात साडेसात टक्के करण्यात आली आणि अबकारी होती तेथेच ठेवण्यात आली. तरीही ती अबकारी पूर्ण सुटली नाही. १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि गिरणगावाने सप्टेंबरपासून जो दीर्घ संप केला, त्याची अखेर अबकारी तहकूब होऊन कपात मागे घेण्यात झाली. पुढल्या वर्षी ती अबकारी कायमची गेली. जकातीचा प्रश्न दिल्लीच्या सभागृहातील वाक्चातुर्याचा विषय वाटतो. परंतु तो शेवटी लालबाग-परळच्या चुलीपर्यंत कसा पोहोचतो, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही प्रकरण दाखवीत नाही.

एवढा अन्याय सोसलेल्या पिढीने सरसकट संरक्षणाचा कौल दिला असता तरी तिला कोणी दोष दिला नसता. म्हणूनच गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात साखरेवरील जकातीच्या चर्चेत जे सांगितले त्याचे मोल मला फार वाटते. संरक्षण योग्य प्रकारचे असते तसेच अयोग्य प्रकारचेही असते, असे त्यांनी बजावले. वाढत्या उद्योगास लागणारा आधार मिळावा, पण त्या आधाराच्या आडून बलिष्ठ हितसंबंधांची अशी जूट बनू नये की जिच्यापुढे सामान्य जनतेचे हित लोपावे, ही त्यांची कसोटी होती. पुढील शतकातील आमच्या धोरणाचे गुणदोष मोजावयास याहून चांगले माप मला आढळलेले नाही.

या मापाला बव्हंशी उतरणारी एक व्यवस्था ब्रिटिश अमदानीतच निर्माण झाली. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९२२ मध्ये निवडक संरक्षणाची शिफारस केली: धंद्यास नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून त्याची वाढ होणे शक्य नसावे अथवा ती फार मंद असावी, आणि कालांतराने तो जगाच्या स्पर्धेत स्वबळावर उभा राहण्याची शक्यता असावी. या अटी कठोर होत्या, नव्या धंद्यांच्या बाबतीत तर अन्यायकारकच होत्या, कारण जो धंदा अद्याप जन्मासच आला नाही त्याची अनुकूलता आधी सिद्ध कशी करावयाची? भारतीय अर्थशास्त्रज्ञांनी त्यांवर घेतलेले आक्षेप रास्त होते. परंतु एक गोष्ट त्या व्यवस्थेत होती जी पुढे आपण गमावली. ज्यास संरक्षण हवे त्याने जकात मंडळापुढे उघडपणे यावे, उत्पादनखर्चाचे आकडे मांडावेत, उलट पक्षाने त्यांवर हरकती घ्याव्यात, अहवाल छापला जावा आणि संरक्षण ठरावीक मुदतीसाठी असावे, ही तिची रीत होती. जमशेदपूरच्या पोलादास १९२४ मध्ये संरक्षण मिळाले आणि १९४७ मध्ये ते उठविण्यात आले. तोवर त्या कारखान्यास त्याची गरज उरली नव्हती.

साखरेचे उदाहरण महाराष्ट्राला अधिक जवळचे आहे, आणि अधिक संमिश्रही आहे. १९३० च्या सुमारास जावाहून वर्षाला सुमारे १० लाख टन साखर येत होती. १९३२ च्या कायद्याने तिच्यावर भारी जकात बसली आणि चार-पाच वर्षांत देशातील कारखाने तिसाच्या आसपास होते ते सव्वाशेच्या वर गेले. आयात जवळजवळ संपली. वालचंदनगर, रावळगाव, सासवडच्या माळी बागाइतदारांनी उभे केलेले माळीनगर, ही सारी याच काळातली निपज. आणि नीरा-प्रवरेच्या कालव्यांवर जो उसाचा मुलूख तयार झाला त्याच्याच पायावर पुढे प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. ही संरक्षणाची खरी कमाई होय. पण याच धंद्यात १९३७ मध्ये कारखानदारांची सिंडिकेट स्थापन झाली, आणि पुढल्या वर्षी संयुक्त प्रांत व बिहार या सरकारांनी तिचे सभासदत्व सक्तीचे केले. ज्या साखरेच्या चर्चेत गोखल्यांनी जुटीचा धोका सांगितला होता त्याच साखरेत तो सव्वीस वर्षांत मूर्त झाला. आणि साखर घेणाऱ्याने दिलेल्या जादा किमतीतला किती भाग उसाच्या मळ्यापर्यंत पोहोचला आणि किती वाटेतच राहिला, हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही.

जगात इतरत्र याच सुमारास काय घडत होते ते थोडक्यात सांगितले तरी पुरे. अमेरिकेने जून १९३० मध्ये, हजारावर अर्थशास्त्रज्ञांनी विरोध नोंदविला असतानाही, स्मूट-हॉली कायद्याने जकाती वाढविल्या. इतर राष्ट्रांनी प्रत्युत्तर दिले. इंग्लंडने १९३२ मध्ये ओटावा येथे साम्राज्यांतर्गत सवलतीचा करार करून आपले शतकभराचे व्रत मोडले. १९२९ ते १९३३ या काळात जगाच्या व्यापाराचे मूल्य सुमारे एक तृतीयांशावर आले. मंदी केवळ जकातींनी आणली नव्हती, परंतु मंदीतून बाहेर पडण्याचे दरवाजे जकातींनी बंद केले. याच अनुभवातून १९४७ मध्ये २३ राष्ट्रांनी जकाती व व्यापार यांविषयीचा सर्वसाधारण करार केला, आणि भारत त्याच्या मूळ सभासदांपैकी एक होता.

आता मी त्या कालखंडाकडे येतो ज्याचा विचार विशेष विस्ताराने केला पाहिजे. युद्धकाळात, मे १९४० मध्ये, जहाजे व चलन यांच्या टंचाईमुळे आयातीवर परवान्याचे नियंत्रण आले होते. ते तात्पुरते मानले गेले होते. परंतु १९४७ च्या कायद्याने ते चालू राहिले, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील अवजड उद्योगांमुळे १९५७ च्या सुमारास परकीय चलनाचा साठा आटला तेव्हा ते अतिशय कडक झाले, आणि पुढील तीन दशके तेच देशाच्या अर्थव्यवहाराचे मुख्य सूत्र होऊन बसले. यंत्राचा सुटा भाग मागविणाऱ्यास दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत: तो भाग आवश्यक आहे, आणि तो देशात मिळत नाही. मिळतो, असे एखाद्या देशी कारखानदाराने नुसते लिहून दिले की, त्याची किंमत व प्रत काहीही असो, परवाना अडे. जकात मंडळाच्या जागी १९५१ च्या कायद्याने आलेला जकात आयोग होता खरा. पण जेथे परवान्याने माल मुळातच येत नाही तेथे जकात किती असावी याची चौकशी निरर्थक होते. १९७६ मध्ये तो आयोग बंद झाला तेव्हा त्याच्यासाठी हळहळणारे फारसे कोणी उरले नव्हते.

जकात आणि परिमाणाचे बंधन ही एकाच औषधाची दोन रूपे आहेत असे सामान्यतः समजले जाते, ते बरोबर नाही. जकात बसली म्हणजे माल महाग होतो, पण त्या महागाईतला एक भाग राजकोषात जमा होतो, देशी व परदेशी किमतीतील अंतराला एक मर्यादा राहते, आणि ती मर्यादा कोणालाही अंदाजपत्रकात वाचता येते. परवान्यात असे काही नाही. ठरावीक परिमाणाबाहेर एक नगही येत नसल्यामुळे देशातील किंमत कितीही चढू शकते. ज्याच्या हाती परवाना आला त्याला परदेशी भाव आणि देशी भाव यांमधली सारी तफावत बिनश्रमाची मिळते. आणि ही रक्कम कोणत्याही सरकारी जमाखर्चात दिसत नाही. ॲन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञेने १९७४ च्या आपल्या निबंधात भारतातील अशा परवानाजन्य प्राप्तीचा अंदाज १९६४ सालासाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७ टक्क्यांहून अधिक काढला होता. तिचा खरा आग्रह पुढच्या मुद्द्यावर होता: एवढी प्राप्ती डोळ्यांसमोर असली की ती मिळविण्यासाठी माणसे तेवढीच धडपड करतात. जी बुद्धी यंत्र सुधारण्यात खर्च व्हावयाची ती दिल्लीतल्या उद्योगभवनाच्या पायऱ्या झिजविण्यात, वशिला लावण्यात आणि रदबदली करण्यात खर्च झाली. ही हानी कोणत्याही आकड्यात पूर्णपणे मावणारी नाही, आणि मला तर ती सर्वांत मोठी वाटते.

दुसरी हानी निर्यातीची. आयात रोखल्याने परकीय चलन वाचते, हा युक्तिवाद वरवर निर्विवाद दिसतो. परंतु आबा लर्नर याने १९३६ मध्येच दाखवून दिले होते की आयातीवरचा कर हा परिणामी निर्यातीवरचा कर असतो. आयात अडविली की परकीय चलनाची मागणी कृत्रिमरीत्या घटते, रुपया त्याच्या खऱ्या मोलापेक्षा महाग राहतो, आणि निर्यातदाराच्या हाती कमी रुपये पडतात. शिवाय त्याचा कच्चा माल व यंत्रसामग्री महाग होते, आणि देशातील बंदिस्त बाजारात नफा इतका सुखाने मिळतो की परदेशी गिऱ्हाइकाची मनधरणी करावयास कोणी जात नाही. जगाच्या निर्यातीतील भारताचा वाटा १९४८ मध्ये २ टक्क्यांहून थोडा अधिक होता. १९८० नंतरच्या वर्षांत तो अर्ध्या टक्क्यावर आला. जून १९६६ मध्ये डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर नेऊन हे दुखणे बरे करण्याचा एक प्रयत्न झाला, पण दुष्काळ आणि राजकीय प्रक्षोभ यांच्या गदारोळात तो वाया गेला. ज्या धोरणाने परकीय चलन वाचवावयाचे होते त्यानेच ते मिळविण्याचे मार्ग अरुंद केले, आणि अरुंद झालेल्या मार्गांचे कारण पुढे करून तेच धोरण अधिक कडक करण्यात आले.

सोन्याच्या बाबतीत तर निर्बंधांनी शासनाचीच प्रतिष्ठा पणास लावली. सोन्याची आयात बंद, देशातला भाव परदेशापेक्षा कितीतरी चढा. मग कोकणच्या खाड्यांतून, आखाती बंदरांहून निघालेल्या गलबतांतून, आणि १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून सह्याद्रीच्या घाटांवाटे सोने आणि घड्याळे येत राहिली. जानेवारी १९६३ च्या नियमांनी १४ कॅरेटहून अधिक शुद्ध दागिने करण्यास मनाई झाली, आणि हजारो सोनारांच्या हातचे काम गेले. तस्करी मात्र थांबली नाही. तिने मुंबईत जो पैसा आणि जी दहशत निर्माण केली त्यांचे परिणाम या शहराने पुढे अनेक वर्षे भोगले.

या काळात काहीच मिळाले नाही, असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. पिंपरी-चिंचवडपासून नाशिक-औरंगाबादपर्यंत जे यंत्रकुशल कामगार आणि अभियंते तयार झाले, औषधे, मोटारींचे सुटे भाग, पंप, यंत्रहत्यारे यांत जे कौशल्य रुजले, ते या भिंतीच्या आडच रुजले, आणि भिंत खाली आल्यावर त्यांतले पुष्कळसे टिकले. दक्षिण कोरियानेही आयात अडविलीच होती. फरक एवढाच की तेथे संरक्षण घेणाऱ्या कारखानदारास निर्यात करून दाखवावी लागे. आम्ही आश्रय दिला, पण त्याच्या मोबदल्यात काही मागितले नाही, आणि मुदत तर कधीच घातली नाही.

१९९१ ची कथा सर्वांना ठाऊक आहे. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच उरले, ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले, जुलैच्या पहिल्याच आठवड्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले, आणि यंत्रे व कच्च्या मालावरील परवान्यांचा बराचसा पसारा आवरण्यात आला. तीनशे टक्क्यांच्या वर गेलेली कमाल जकात प्रथम १५० टक्के आणि १९९५ पर्यंत ५० टक्के झाली. ग्राहकोपयोगी वस्तूंवरील बंधने मात्र चालूच राहिली. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या तक्रारीवरून भारताविरुद्ध निर्णय झाल्यानंतर १ एप्रिल २००० रोजी ७१४ आणि १ एप्रिल २००१ रोजी ७१५ वस्तू मुक्त झाल्या. परदेशी मालाच्या लोंढ्याखाली देशी धंदा बुडेल ही तेव्हाची भीती बव्हंशी अनाठायी ठरली.

पण शेतीचा प्रश्न सुटलेला नाही, आणि महाराष्ट्राने त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. १९८६ च्या तेलबिया अभियानाने १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलीनची आयात ६५ टक्के जकातीवर खुली झाली. चार वर्षांत ती जकात १५ टक्क्यांवर आली. आज आपण खातो त्यातले निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. शहरातल्या गरिबाला तेल स्वस्त मिळाले हा लाभ खरा, आणि तो क्षुल्लक नाही. परंतु लातूर आणि विदर्भातल्या ज्या शेतकऱ्याने भुईमूग, करडई सोडून सोयाबीन धरले त्याच्या भावाला कसलाच स्थिर आधार उरला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील एकूण जकात साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के झाली, आणि मे २०२५ अखेर ती साडेसोळा टक्क्यांवर उतरली. जकात चढूनही त्या हंगामात सोयाबीन ४८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खालीच विकले गेले, कारण सोयाबीनमध्ये तेल असते सुमारे १८ टक्के. बाकीची पेंड, आणि तिचा भाव तेलाच्या जकातीने ठरत नाही. एवढी साधी गोष्टसुद्धा उघड चौकशी झाली असती तर निर्णयापूर्वीच पुढे आली असती.

कांद्याचे उदाहरण तर उलट्या दिशेचे आहे. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात निर्यातबंदी घालून नाशिकच्या शेतकऱ्याच्या खर्चाने शहरी ग्राहकाला सवलत देण्यात आली. आयात अडविताना ग्राहकाला विचारले जात नाही, निर्यात अडविताना शेतकऱ्याला विचारले जात नाही. दोन्ही वेळा एका रात्रीत अधिसूचना निघते, आणि सकाळी लासलगावच्या किंवा लातूरच्या बाजारात भाव कोसळल्यावर तिचे कारण शोधावे लागते.

जकात कधीच नसावी असे मी म्हणत नाही. रानड्यांच्या भूमीत तसे म्हणणे शोभणारही नाही. परदेशी सरकार अनुदान देऊन माल आपल्याकडे ओतीत असेल, एखादा धंदा खरोखर बाल्यावस्थेत असेल, किंवा देशाच्या अन्नसुरक्षेला धोका असेल, तर जकात बसवावी, आणि ती जकातच असावी, परवाना नव्हे. परंतु ज्या संसदेत आमचे प्रतिनिधी बसतात तिने एवढा नियम करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: जाणाऱ्या किंवा येणाऱ्या मालावरचे कोणतेही बंधन एका हंगामाहून अधिक चालवावयाचे असेल तर स्वतंत्र आयोगापुढे उघड सुनावणी व्हावी, त्यात कारखानदाराइतकेच शेतकऱ्याला आणि ग्राहकालाही बोलावले जावे, बंधनाचा खर्च कोणाच्या खिशातून किती जातो ते आकड्यांत छापले जावे, आणि त्याची अखेरची तारीख त्याच कागदावर लिहिलेली असावी. शंभर वर्षांपूर्वी परकी सरकारच्या अमलात पोलादाच्या कारखान्याला जी रीत पाळावी लागली, ती आज स्वतंत्र भारताच्या सरकारने पाळावी, यासाठी वाचकांनी आपापल्या लोकप्रतिनिधीकडे मागणी करावी.